ओळंब्याची वाकडी भिंत

आमच्या दाजींना ओळखीपाळखीची सगळी माणसं 'ओळंबा' म्हणतात. गवंडी भिंत बांधताना दोरीला जड गोळा बांधून वरून खाली सोडतो ना, भिंत सरळ चढतेय का ते बघायला, तो ओळंबा. दाजी गवंडी नाहीत, फोटोग्राफर आहेत. पण माणसांचे फोटो ते काढत नाहीत, खोल्यांचे काढतात. कुणाला घर विकायचं असतं, कुणाला भाड्याने द्यायचं असतं, की घरांचा दलाल यांना बोलावतो आणि हे तिथे जाऊन रिकाम्या खोल्या टिपत बसतात. फोटोत भिंत जरा कलली, दाराची चौकट केसभर तिरकी आली, की यांच्या पोटात दुखायला लागतं. तो फोटो बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कुणाच्या घरी गेले तरी तेच. मी शिवणकामाला नवी खोली घेतली तेव्हा कौतुकाने त्यांना बघायला बोलावलं. दारातच उभे राहिले, डोकं एकीकडे कललेलं, एक डोळा बारीक. म्हटलं आता काहीतरी चांगलं बोलतील.

"चौकट डावीकडे गेलीय," म्हणाले.

"दाजी, चौकट गेली खड्ड्यात. आत या, चहा घ्या."

तर अशा या माणसाच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक फोटो उभा केलेला आहे. पोस्टकार्डाएवढाच आहे. त्यात दाराची चौकट धनुष्यासारखी वाकलेली, भांड्यांच्या कपाटाला पोट सुटलेलं आणि टेबलाची कड परातीसारखी गोल. आलेला प्रत्येक जण तो उचलतो आणि विचारतो, "हा तुम्ही काढलात? तुम्ही?" दाजी नुसतं "असू दे" म्हणतात आणि फोटो पुन्हा होता तिथे ठेवतात. माझ्या ताईला आता तो दिसत नाही. पण जेवायला बसली की आधी हात पुढे करून तो जागेवर आहे का ते चाचपते, मग ताट पुढे ओढते.

त्या फोटोची ही हकीकत. दाजी स्वतः सांगायचे नाहीत, त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे नाकी नऊ येतात. म्हणून मी सांगते.

लग्न झाल्यापासून ताई दाजींबरोबर कामावर जायची. दोघांची कामं वाटून घेतलेली होती. दाजी मधलं बघायचे, म्हणजे भिंती सरळ आहेत का, उजेड नीट पडलाय का. आणि ताई कडा बघायची. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवून झाला की दाजी बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "कडा?" मग ताई कॅमेऱ्याला डोळा लावून चारही कडांवरून नजर फिरवायची. "डावीकडे खाली वायर आहे. उजवीकडे दारामागे झाडूचा दांडा दिसतोय. वर जळमट." ते काढून झालं की मग दाजी बटण दाबायचे. तिने हो म्हटल्याशिवाय त्यांनी कधी फोटो काढला नाही.

बाकीचे फोटोग्राफर मधे बघतात आणि फसतात, असं ताई म्हणायची. खोली चकाचक आणि कोपऱ्यात कुणाची तरी ओली चप्पल! ताईच्या नजरेतून काही सुटायचं नाही. आरसे आणि खिडक्यांच्या काचा हे तर तिचं खास खातं. आरशात ती नाहीतर दाजी दिसले की लगेच, "अहो, आपण दिसतोय, सरका." दोघं एवढी घरं फिरली, पण कुठल्याच फोटोत सापडायची नाहीत. मी एकदा म्हटलं, "ताई, तुमचा दोघांचा मिळून एक धड फोटो नाही घरात." ती म्हणाली, "अगं, आमचं कामच मुळी आपण न दिसण्याचं आहे."

मग एकदा एका दलालाने फोटो परत पाठवले. सुंदर बैठकीची खोली, आणि उजव्या कडेला लाल बादली. दाजी हसले, ताईही हसली. पुढच्या वेळी डावीकडे घरमालकाचा अख्खा पाय आला, पायजम्यासकट. यावेळी कुणी हसलं नाही. ताई घरातही धडकायला लागली होती. दाराला खांदा लागायचा, टेबलाच्या कोपऱ्याला कंबर लागायची, बाजूला ठेवलेला पेला हाताने उडायचा. मुलं तिला 'धांदल एक्स्प्रेस' म्हणायची. पण दाजींना धांदलीचं काही वाटलं नाही, त्यांना त्या बादलीचं वाटलं. "तिच्या नजरेतून बादली सुटते म्हणजे काहीतरी बिघडलंय," एवढं म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, लालही होत नाही मेला, नुसता कडेकडून आत येत राहतो. डॉक्टरीणबाईंनी तिला एका यंत्रात डोकं घालायला लावलं, ठिपके चमकले की बटण दाबायचं. ताईने बटण दाबलं ते फक्त मधल्या ठिपक्यांना. त्या तपासणीचा कागद बाहेर आला, त्यावर मधे पांढरा तुकडा आणि भोवती सगळं काळं. दाजी तो कागद हातात धरून किती तरी वेळ बघत राहिले, एखादा बिघडलेला फोटो बघावा तसे. मग विचारलं, "हे काळं परत उजळतं का?"

"गेलेली नजर परत येत नाही," बाई म्हणाल्या. "उरलीय ती राखायचा प्रयत्न करायचा. थेंब वेळेवर घालायचे. पण खरं सांगते, उशीर झालाय. मधलंही टिकेलच असं मी म्हणणार नाही."

दाजींनी थेंबांचं काम अंगावर घेतलं. कामावर असले तरी धावत घरी यायचे, थेंब घालायचे, पुन्हा जायचे. मी म्हटलं, मी घालीन ना, मला काय धाड भरलीय? तर म्हणाले, "तुमचा हात हलतो." शिवणाऱ्या बाईला म्हणतात तुमचा हात हलतो! पण त्या दिवसांत त्यांच्याशी भांडायचं माझ्या जिवावर यायचं.

ताई मात्र कामावर जायची सोडेना. "घरी बसून काय करू, भिंती बघू? त्याही तुकड्यातुकड्यांनी दिसतात," म्हणायची. म्हणून दाजी तिला सोबत न्यायचे. कडा आता तेच बघायचे, पण सवयीने "कडा?" विचारायचे आणि मग जीभ चावायचे.

अशाच एका घरी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर नुकताच काढलेला फोटो आला होता. ताई सहज वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, इथे सगळी खोली दिसतेय मला."

"दिसणारच. फोटो आहे तो."

"तसं नाही हो. ही खोली मला अशी उभी राहून दिसत नाही. खिडकी बघितली की पलंग जातो, पलंग बघितला की दार जातं. पण या एवढ्याशा चौकोनात खिडकी, पलंग, दार, सगळं एकदम आहे. मान न हलवता." मग जरा थांबून म्हणाली, "आपल्या जेवणाच्या टेबलाचा असा एक काढा ना. माझ्या खुर्चीतून. सगळे जेवायला बसलेत असा. किती दिवस झाले, मी सगळ्यांना एकदम बघितलंच नाहीये. एकेकाला शोधून बघते. एक सापडला की दुसरा हरवतो."

दाजी घरी आले, त्यांनी ताट पुढे घेतलं आणि जेवण न करताच उठले. हे मला थोरलीने सांगितलं, ती त्या दिवशी आलेली होती. थोरली म्हणजे ताईची मुलगी, नवऱ्याबरोबर वेगळी राहायची आणि तेव्हा मांडीवर तान्ही पोर होती. तिच्या नवऱ्याला दूरच्या देशात नोकरी लागली होती. तिघंही लवकरच जायची होती. म्हणजे सगळे एका टेबलाशी बसायचे ते तेवढ्यातच, नंतर कधी ते कोण जाणे. आणि झालं असतं नंतर, तरी ताईच्या डोळ्यांचं काय?

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, खुर्चीत बसायचं आणि फोटो काढायचा. दाजीही आधी तसंच समजले. पण ताईची खुर्ची भिंतीला टेकलेली, मागे सरकायला बोटभर जागा नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंची माणसं अगदी कोपरापाशी. कॅमेऱ्याला नेहमीची लेन्स लावून तो ताईच्या हातात दिला तर समोरचे दाजी आणि माझं अर्धं तोंड आलं. बाकी सगळे बाहेर. दाजी दारात उभे राहिले, तर निम्म्या लोकांच्या पाठी आल्या. स्टुलावर चढले, तर नुसते भांग आणि जावयाचं टक्कल. ताईचा मुलगा म्हणाला, "बाबा, तुकडे काढून जोडूया." जोडले, तर तान्हीने मधेच मान फिरवली होती, तिला दोन डोकी आली. तेव्हा मोबाइलमध्ये असल्या रुंद लेन्स आल्या नव्हत्या, नाहीतर ही गोष्टच घडली नसती.

मग दाजींनी कपाटातून त्यांची जुनी लेन्स काढली, रिळाच्या कॅमेऱ्यावरची. तळहाताच्या फोडासारखी जपलेली. "हिच्यात अख्खा दिवाणखाना मावायचा," म्हणाले. नव्या कॅमेऱ्याला ती बसली खरी, पण दिवाणखाना राहू दे, टेबलसुद्धा मावेना. दाजी लेन्स काढून पुसतायत, पुन्हा लावतायत. मला तर हसूच आलं, पण त्यांचं तोंड बघून गिळलं.

शेवटी ते ती लेन्स घेऊन भिंगवाल्याकडे गेले. भिंगवाला म्हणजे जुने कॅमेरे आणि लेन्स विकणारा, दाजींच्याच वयाचा. त्याचं दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. त्याने जे सांगितलं ते दाजींनी मला घरी येऊन सांगितलं आणि मी माझ्या भाषेत समजून घेतलं. लेन्स आत गोल चित्र पाडते, रिळाएवढं मोठं. पण दाजींच्या नव्या कॅमेऱ्यात ते चित्र झेलणारा तुकडाच लहान आहे. कापड तेवढंच, पण चौकट लहान, म्हणून कडेची नक्षी बाहेर राहते. लेन्सवर आकडा कितीही असो, या कॅमेऱ्यावर त्याची दीडपट धरायची. म्हणजे पूर्वीची रुंद लेन्स आता साधी झाली.

ताई शेजारी बसून ऐकत होती. "म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यालाही काचबिंदू झालाय," ती म्हणाली.

मग तीच हसायला लागली, तेव्हा आम्ही हसलो. दाजी नाही हसले.

भिंगवाल्याने उपाय सांगितला होता. मोठ्या कॅमेऱ्यांच्या महागड्या रुंद लेन्सच्या नादी लागू नका, त्यांचंही तुमच्याकडे हेच होणार. या लहान कॅमेऱ्यांसाठीच केलेली अतिरुंद लेन्स घ्या. ती दोन जातींची मिळते. एक भिंती सरळ ठेवते. दुसरी सगळं वाकवते, तिला माशाचा डोळा म्हणतात. ती दुसरी त्याने दाजींच्या पुढे ठेवली आणि दाजींनी ती डोळ्याला लावून लगेच काउंटरवर ठेवली. "हे पोरांचं खेळणं आहे. चौकट बघा, चौकट आहे का दोरी? मला सरळवाली द्या." दोन्ही घेणं परवडणारं नव्हतं. आणि सरळवाली कामालाही आली असती. आजकाल घरं लहान होत चाललीत, कोंदट न्हाणीघरंसुद्धा मोठी दाखवायची असतात, दलाल मागे लागले होते. एका लेन्समध्ये ताईचंही काम आणि पोटाचंही काम. मला तर वाटलं, देवच पावला. भिंगवाल्याने ती आठवडाभर वापरून बघायला दिली.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे जमलो. ताईच्या खुर्चीतून बघितलं तर डावीकडे अगदी जवळ तिचा मुलगा, मग मी, समोर दाजी, मग थोरली आणि मांडीवर तान्ही, आणि उजवीकडे जवळ जावई. ताईने कॅमेरा धरला, दाजींनी सगळं बसवून दिलं आणि समोर येऊन बसले. ताईने बटण दाबलं. पडद्यावर बघून दाजींचा चेहरा असा उजळला! "सगळे आलेत! आणि चौकट बघा, चौकट, सुतात आहे!" म्हणाले. घरच्याच छोट्या प्रिंटरवर त्यांनी पोस्टकार्डाएवढा फोटो काढला. मोठा काढून उपयोग नव्हता. ताई हात लांब करून जेवढं एका नजरेत बघू शकायची ते तेवढंच होतं.

ताईने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. "हे तुम्ही. ही माझी बहीण, तोंड उघडं, नेहमीसारखं. ही थोरली. हे पिल्लू." आणि मग म्हणाली, "आणि हा कोण? हा डावीकडचा जाड माणूस कोण आलाय?"

तिचा मुलगा बांबूसारखा बारीक आहे. पण त्या फोटोत कडेला त्याचं तोंड आडवं ताणलं गेलं होतं, गाल खांद्यापर्यंत, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. तिकडे जावयाचंही तसंच झालं होतं, पण तो मुळातच गुबगुबीत, म्हणून खपून गेला.

"आई, मी आहे गं," मुलगा म्हणाला.

ताईने फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "असं तोंड नाहीये तुझं," ती हळूच म्हणाली. तिला वाटत होतं की तिचे डोळेच आणखी गेले, मधलंही गेलं. ते तिने बोलून दाखवलं नाही, पण बोटांनी स्वतःची पापणी चोळत होती. तो भोळा पोरगा समजावत बसला, "अगं, लेन्समुळे झालंय, सगळ्यांनाच तसं दिसतंय." तिचा विश्वास बसला की नाही कोण जाणे. मग उगाच दाजींचं मन राखायला म्हणाली, "पण भिंती किती सरळ आल्यात हो."

दाजींनी तिच्या हातातून फोटो घेतला. फाडला नाही, चुरगळला नाही, खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी तिच्या डोळ्यांत थेंब घातले तेव्हा त्यांचा हात हलत होता, मी स्वतः बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या शिवणाच्या खोलीवर आले. चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. "चला माझ्याबरोबर. मला कडेला उभं राहायला एक माणूस हवंय."

"अख्ख्या जगात मीच सापडले का? मशीनवर अर्धं काम पडलंय."

"तुम्ही तिच्यासारख्या दिसता," म्हणाले. मग मी सुई टोचून ठेवली आणि उठले.

भिंगवाल्याच्या दुकानात मला काउंटरच्या टोकाशी उभं केलं. आधी सरळवाल्या लेन्सने फोटो काढला. पडद्यावर मी दोन माणसांएवढी रुंद! "दाजी, हा फोटो बाहेर गेला तर याद राखा," मी म्हटलं. मागची फळी मात्र काय सरळ, पट्टीने आखावी तशी. मग दाजींनी घसा साफ केला आणि भिंगवाल्याला म्हणाले, "ते वाकडं आहे का अजून?"

भिंगवाल्याने ती दुसरी लेन्स काढून दिली. दाजींनी लावली, फोटो काढला. या फोटोत फळ्या पाळण्याच्या दोरीसारख्या लोंबकळलेल्या, दुकानाचं दार वाकलेलं, छप्पर फुगलेलं. पण कडेला मी होते ती मीच होते. माझं नाक माझं, माझी हनुवटी माझी. जराशी बारीकच आले होते, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

"अशीच असते ती," भिंगवाला म्हणाला. "एवढ्या रुंद लेन्सला दोन्ही जमत नाही. भिंती सरळ ठेवायच्या तर कडेची माणसं ताणली जातात. माणसं ठेवायची तर भिंती वाकतात."

दाजी पडदा बघत उभे राहिले. मला वाटलं आता म्हणतील, चौकट गेलीय. आयुष्यभर या माणसाने दुसरं काही केलेलं नाही हो. लोक हसले, मुलं हसली, मी तर किती हसले, पण एक भिंत त्याने कधी वाकडी जाऊ दिली नाही. आणि वर कामाचं होतंच. ही लेन्स एकाही दलालाच्या उपयोगाची नव्हती. लहान घरांची कामं आता दुसऱ्याकडे जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि ती गेलीच पुढे.

"कामाला तर सरळवालीच लागेल तुम्हाला," भिंगवाल्यानेही आठवण करून दिली. "नीट विचार करा."

"केलाय," दाजी म्हणाले. "ही बांधून द्या." आणि आपली ती जुनी जपलेली लेन्सही त्यांनी बदल्यात काउंटरवर ठेवली.

वाटेत ते एवढंच बोलले, "तिने पोराला ओळखलं नाही." मी "हो" म्हटलं.

थोरली जायच्या आधीचा रविवार उजाडला. सामान अर्धं बांधून झालेलं, तान्ही किरकिरत होती, थोरलीचे डोळे सकाळपासून लाल. कुणाला फोटोचा उत्साह नव्हता, आणि मागच्या वेळची धास्ती होतीच. पण दाजींनी सगळ्यांना जागच्या जागी बसवलं. ताटं वाढलेली, पेले भरलेले, जेवतोय असंच दिसायला हवं होतं ताईला. त्यांनी कॅमेरा ताईच्या हातात दिला, तिची कोपरं टेबलावर टेकवली.

"अहो, कडा कोण बघणार?" ताईने विचारलं.

"कडेला सगळी आपलीच माणसं आहेत," दाजी म्हणाले. "तू दाब."

ते येऊन समोर बसले. ताईने कॅमेऱ्याला डोळा लावला नाही, कॅमेऱ्यावरून सरळ त्यांच्याकडे बघत बटण दाबलं.

प्रिंटर कुरकुरत होता तेवढा वेळ कुणी घास तोंडात घातला नाही. दाजींनी फोटो आणून तिच्या हातात दिला. मी मान लांब करून बघितलं, आणि देवा रे, दार वाकलेलं, कपाट फुगलेलं, टेबल गोल! ओळंब्याने काढलेला फोटो म्हणून कुणाला खरं वाटलं नसतं. आम्ही सगळे ताईकडे बघत होतो.

तिने हात लांब केला. मान हलवली नाही. नुसते डोळे, तेही जराजरासे. "तुम्ही," ती म्हणाली. "थोरली. रडलीस का गं? पिल्लू. जावई. बहीण." आणि मग तिचा आवाज एकदम ओला झाला. "आणि हा माझा वाळका."

मुलाने उठून तिचा खांदा धरला. थोरली तर हुंदके देऊनच रडायला लागली. ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बघतच होती. "सगळे," म्हणाली. "एकाच वेळी सगळे. अहो, कुणीच हरवत नाहीये." इतक्या साध्या गोष्टीसाठी माणूस इतकं आसुसलेलं असू शकतं, हे मला तोवर खरंच कळलं नव्हतं. मी पदराने डोळे पुसले आणि पेला उचलून उगाच पाणी प्यायले.

बराच वेळ गेला. जेवण गार झालं. आणि एकदम ताईची कपाळावरची शीर ताठ झाली, ती पूर्वी कामावर व्हायची ना, तशीच.

"अहो," ती म्हणाली, आवाजही तोच, कामावरचा. "खाली डावीकडे, कडेला काहीतरी राहिलंय."

आम्ही सगळे चमकून बघायला लागलो. दाजी उठून तिच्यामागे जाऊन उभे राहिले आणि वाकून बघायला लागले. खरंच होतं. फोटोच्या अगदी खालच्या कडेला, कोपऱ्यात काहीतरी फिकट, गोलसर. इतक्या वेळात आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. दाजींनाही नाही.

"बोटं आहेत कुणाची तरी," ताई म्हणाली. "मधे आलीत. एवढी पट्टी कापून टाका, फोटो चांगला होईल."

दाजींनी तिचा डावा हात हातात घेतला. फोटो काढताना त्याच हाताने तिने लेन्स खालून धरली होती.

"तुझीच आहेत," ते म्हणाले. "कडा तुझ्या. तू सांगशील तसं करतो."

ताईने फोटो पुन्हा लांब धरला आणि पुन्हा सगळ्यांवरून डोळे फिरवले, समोरून कडेपर्यंत, आणि खाली त्या बोटांपर्यंत.

"मग राहू द्या," ती म्हणाली. "म्हणजे मीही आहे."